चार बुटांचा हत्ती

सबनीस काका नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत पडत नाहीत, थेट कोडं घालतात. सकाळी मी घाईघाईने लिफ्टमध्ये शिरले की सुरू. "गोगलगाय ऑफिसला कधीच उशिरा पोचत नाही. सांग का?"

"काका, माझी ट्रेन चुकेल!"

"वर्क फ्रॉम होम! घर पाठीवरच की!" आणि स्वतःच खो खो हसणार.

जपानमधल्या इचिकावात आमच्या वरच्या मजल्यावर काका मुलाकडे राहतात. काकू गेल्यावर मुलाने त्यांना पुण्याहून आणलं. मुलगा-सून सकाळीच टोकियोला पळतात. काकांच्या वाट्याला उरते नात रेवा, वय वर्षं आठ. काका मराठीत विचारणार, ती जपानीत उत्तर देणार. "पोपट पाळला असता तर निदान माझंच वाक्य परत मिळालं असतं," असं ते हसत म्हणायचे. मला काही ते हसू खरं वाटायचं नाही.

कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून इथे कचऱ्यावर जाळी टाकतात; ती टाकताना काका तिथल्या कावळ्याची हटकून विचारपूस करतात. "या देशात 'का? का?' विचारणारा हा एकटाच. बाकी सगळे मुकाट नियम पाळतात."

आणि नियम न पाळणारे काका! आमच्या बिल्डिंगमध्ये सूचनांचा एक बोर्ड घरोघर फिरतो. वाचायचा, आपला शिक्का मारायचा, शेजारच्या दाराला अडकवायचा, संपलं. काकांना वाटलं, खालची मोकळी जागा रहिवाशांना लिहायलाच ठेवलीय. त्यांनी ठसठशीत मराठीत लिहिलं, 'हत्ती कुणाकडे जेवायला का जात नाही? उंबरठ्यावर चार-चार बूट कोण काढत बसणार!' शेजारी घामाघूम हत्तीचं चित्र.

ते पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी तळमजल्यावरच्या ओकादा आजी काकांच्या दारात हजर. आता तक्रार येणार म्हणून मी मध्ये पडायला वर धावले, तर त्या वाकून वाकून विचारत होत्या, हत्ती काय म्हणतोय? सांगणार कोण? माझं जपानी तोडकंमोडकं, म्हणून रेवाला पुढे केलं. तिने कपाळाला आठ्या घातल्या. "आजोबा, उंबरठा म्हणजे?"

पोरीच्या तोंडून कितीतरी महिन्यांनी आलेलं ते मराठी!

तेव्हापासून दर बोर्डावर एक प्राणी असतो. काका सांगतात, रेवा वाद घालते आणि जपानीत लिहून काढते. काका मुद्दाम 'डरकाळी', 'आयाळ' असले शब्द पेरतात. सगळी बिल्डिंग आता बोर्डाची वाट बघते. सहा वर्षं राहून मला शेजारी नुसते ओळखतात, काकांना बघून मात्र ते हसतात. मानलं बाई त्या माणसाला!

परवा प्लास्टिकच्या दोन पिशव्या घेऊन मी खाली आले.

"आज नाही गं, प्लास्टिक आता गुरुवारी," काका म्हणाले. "ही बघ नवी पाटी."

पाटी अख्खी जपानीत होती. मला ओ की ठो कळलं नाही.

"काका! तुम्हाला वाचता येतं?"

काका चोरी पकडल्यासारखे इकडेतिकडे बघायला लागले. "हळू बोल. वर्षभर जातोय फुकटच्या वर्गाला. म्हटलं, पोर आपल्या भाषेत येत नाही, तर आपण तिच्या भाषेत जाऊ."

"मग विनोदही तुम्हीच लिहा की जपानीत!"

"वेडी आहेस का? मला येतं हे तिला कळलं, तर ती माझ्याशी मराठीत कशाला बोलेल?"

तेवढ्यात दप्तर पाठीला लावून रेवा आली. काकांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"रेवा, हे काय लिहिलंय गं? मला बाबा एक अक्षर कळत नाही."

"आजोबा, किती वेळा सांगायचं!" म्हणत ती एकेका शब्दावर बोट ठेवून त्यांना मराठीत समजवायला लागली. काका मान डोलवत ऐकत होते, मध्येच मुद्दाम चुकत होते.

माझ्या दोन्ही हातांत पिशव्या. डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता.