निवृत्तीअण्णांचं परगाव

निवृत्तीअण्णा नाशिकला निघाले की अख्ख्या गल्लीला कळायचं. कडक धोतर, इस्त्रीची टोपी, आणि दारोदार हाक, "चाललो नाशिकला! काय आणायचं का?"

आमच्या मखमलाबादहून नाशिकचा रविवार कारंजा सिटी बसने जेमतेम अर्ध्या तासावर. गाव महापालिकेत जाऊन कितीतरी वर्षं झाली, द्राक्षबागांच्या जागी सात मजली इमारती आल्या, पण अण्णांच्या लेखी नाशिक परगावच. कुरिअरवाल्याने एकदा विचारलं, "तुम्ही नाशिकचेच ना?"

"नाय. नाशिक आमच्या शेजारी हाय."

त्यांच्या कौलारू घराशेजारच्या इमारतीत आम्ही नवराबायको भाड्याने राहायला आलो, त्याच दिवशी त्यांनी मला गाठलं.

"मास्तरीणबाई, कोणत्या मळ्यात उतरल्या?"

"तिसऱ्या मजल्यावर."

"म्हंजे आमच्या थॉमसन द्राक्षाच्या बागेत! लय गुणाची माती हाय."

मग टँकर आला की खालून चौकशी ठरलेली, "बागेला पाणी बसलं का?" माझ्या गॅलरीत तुळशीशिवाय काही नव्हतं.

पाच वर्षांनी आम्ही गंगापूर रोडला स्वतःचा फ्लॅट घेतला. सांगायला गेले तर अण्णांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "म्हंजे तुला नाशिकला दिली म्हणायची." मला त्यांनी 'तू' म्हटलं ते पहिल्यांदाच. "आखाजीला म्हायेरी कुठं जाती?"

"आईवडील राहिले नाहीत, अण्णा."

निघायच्या दिवशी शेजारच्या काकूंना बोलावून त्यांनी माझी ओटी भरवली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सकाळीच बेल वाजली. दारात अण्णा, घामाघूम, दोन बस बदलून आलेले.

"चल. न्यायला आलोय."

त्यांच्या अंगणातल्या कडुनिंबाला, माहेरवाशिणींसाठी बांधतात तसा, नव्या दोराचा झोका टांगलेला होता.

"माझ्यासाठी बांधलात?"

"दरसाल बांधतो. आमची मंडळी होती तेव्हापासनं. दोन्ही पोरंच झाली, लेक नाय. लेकीची तिला लय हौस होती." अण्णा दोराची गाठ उगीच चाचपत राहिले. "आता ती बी नाय, पोरं पुण्याला. पण सण आला की हात थांबत नाय."

चाळिशी उलटलेली मी पदर खोचून झोक्यावर बसले. झोका वर जायला लागला तशी आजूबाजूच्या गॅलऱ्यांतून माणसं डोकावली. अण्णांनी मान वर केली आणि सातव्या मजल्यालाही ऐकू जाईल असं सांगितलं,

"आमची लेक हाय. आखाजीला आलीय!"