साहेबांना घाम फोडणारे बसाप्पा

बसाप्पांनी जन्मात मटण चाखलं नाही. लिंगायत माणूस, गळ्यात लिंग, घरात अंडंसुद्धा वर्ज्य. पण मंत्र्याला वाढायचा तांबडा रस्सा जमलाय की नाही, हे ठरवायचे तेच. भांड्यात न डोकावता ते पाहुण्याच्या कपाळाकडं बघत आणि म्हणत, "घाम फुटूदे की!"

कोल्हापुरात शाहूपुरीत आमची गुळाची दुकानं शेजारीशेजारी. सरकारदरबारी काम अडलं की व्यापारी बसाप्पांना पुढं घालत. मटण अर्थात माझ्या घरी शिजे. नाव त्यांचं, धूर आमचा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गुळावर कर बसणार अशी हवा होती. तो बसला तर ऊस आपसूक कारखान्यांकडं वळणार, म्हणून साखरवाले मंत्रीसाहेबांना चांदीची तलवार देऊन आले. आमच्या गूळ व्यापारी संघाचे अध्यक्ष हबकले.

"तलवार काय खात्यात व्हय?" बसाप्पा म्हणाले आणि साहेबांना माझ्या घरी जेवायला घेऊन आले.

पहिल्याच घासाला अध्यक्षांनी निवेदन पुढं केलं. बसाप्पांनी ते ओढून घेतलं आणि त्यावर रश्श्याची वाटी ठेवली. "घाम फुटूदे की!"

वाट्यांवर वाट्या झाल्या. साहेबांचं कपाळ चमकलं, नाक वाहायला लागलं.

"हां, आता द्या."

साहेबांनी तेलाचा डाग पडलेला कागद न वाचताच खिशात घातला. "न्हाय लावत कर. जरा पांढरा रस्सा वाढा."

कर लागला नाही. तलवारही परत गेली नाही.

पुढच्या निवडणुकीत साहेब सपाटून पडले. संघ नव्या मंत्र्याच्या मागं लागला. एका रविवारी बसाप्पांनी मला त्यांच्या एम-एटी गाडीवर मागं बसवलं आणि थेट साहेबांच्या गावी नेलं.

अंगणात खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या. साहेब एकटेच बसलेले. आम्हाला बघून धडपडत उठले.

"या, या! काय काम काढलंसा?"

"काम कसलं? सहज आलतो."

साहेबांचा चेहरा पडला. बसाप्पांनी तो बघितला आणि घसा खाकरला.

"म्हंजे, हाय एक. गोदामाचा लाइटचा मीटर मिळंना झालाय. साहेबांनी शब्द टाकला तर..."

मीटर तर गोदामात कधीच बसला होता. मी तोंड उघडणार, तोवर बसाप्पांनी माझा पाय दाबला.

साहेब ताठ झाले. फोन लावला. पलीकडच्यानं बराच वेळ ताटकळत ठेवलं, मग दोन शब्दांत उरकलं.

"सांगितलंय. हुईल."

बसाप्पांनी वाकून हात जोडले. "लई मोठं काम केलंसा, साहेब."

साहेब फाटकापर्यंत सोडायला आले. "काय अडलं तर या हां."

बसाप्पांनी किक मारली. "लई कामं अडल्यात, साहेब. पुढच्या रविवारी येतोच की."