सैल झालेली पॅन्ट

"पॅन्ट सैल झाली!" हेडक्लार्कसाहेबांनी भर ऑफिसात कमरेत चार बोटं घालून दाखवली. "म्हटलं नव्हतं? मला खरं औषध मिळतंय!"

दवाखान्यात लठ्ठ माणसांवर एका नव्या हार्मोनची चाचणी चालू होती. साहेबांच्या अंगात इन्सुलिन भरपूर, पण अंग त्याचं ऐकायलाच तयार नव्हतं. घरात साहेबांचं ऐकतात तितपतच! चाचणीत काहींना इंजेक्शनातून औषध, काहींना नुसतं पाणी. कुणाला काय, हे डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नव्हतं. साहेबांना मात्र पक्कं ठाऊक होतं. साखरेपायी थोरल्या भावाचा पाय गेला, तेव्हापासून ते रोज आंघोळीनंतर आपल्या पायांची बोटं दाबून बघत बसायचे. बायको ते दाराआडून बघायची.

पण पॅन्ट सैल झाली आणि साहेब सैलच सुटले! "औषध सगळं जिरवतं," म्हणत पुन्हा पुन्हा वाढून घेऊ लागले. जिना सोडून लिफ्ट धरली. टायपिस्टबाईंना तर वजन उतरवण्याचे धडे देऊ लागले!

तपासणीच्या दिवशी ते ऐटीत काट्यावर चढले. वजन वाढलेलं!

"काटा बिघडलाय तुमचा!"

"काका, आत्ताच तपासलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्तातली साखरही वाढलीय."

"मग ही पॅन्ट काय खोटं बोलते?" साहेबांनी बूट काढले, चष्मा काढला, तावातावात पट्टाही काढला. पॅन्ट थेट घोट्यांवर!

ती उचलायला ते वाकले आणि तसेच थांबले. मागची शिवण उसवून पुन्हा घातलेली होती. आत दुमडलेलं कापड बाहेर आलं होतं. दोरा नवा होता, आणि ते बारीक, जवळजवळ घातलेले टाके साहेबांच्या ओळखीचे होते.

"काय झालं, काका?"

"काही नाही. काटा बरोबर आहे."

घरी बायको दारातच उभी होती. तिचा चेहरा पार उतरला होता. "काय म्हणाल्या हो डॉक्टरीणबाई?"

साहेबांनी एकदा आपल्या पायांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"म्हणाल्या, छान चाललंय! अशीच सैल होत जाणार."

ती मटकन खाली बसली. मग रडवेल्या आवाजात म्हणाली,

"अहो, पण आता शिवणीत कापडच उरलं नाहीये!"