थरथरती सही आणि सरळमामांचं चाक

या, जरा पुढे सरकून बसा. दाराशी उभे आहेत त्यांनीही आत यावं. आज एका चाकाची कथा सांगतो. ज्या दयाळू देवाने ग्रहतारे न डगमगता फिरवले, त्याचं नाव घ्या आणि ऐका; कारण यापुढे जे फिरणार आहे, ते बरंच डगमगणार आहे.

एका शहरात सार्वजनिक दिव्यांचं कार्यालय होतं. कार्यालयाला साहेब होते आणि साहेबांना गाडी होती. बैठकांमुळे साहेबांना कचेरीत काम करायला सवड मिळत नसे. म्हणून सगळ्या सह्या ते धावत्या गाडीत, मागच्या सीटवर, डाव्या हातात चहाचा कप धरून करत. हे जमायचं ते चालकामुळे. त्यांना सगळे सरळमामा म्हणत. मामा गाडी अशी चालवत की कपातल्या चहावर निवांत साय धरावी. त्यांना बढती नको होती, सत्कार नको होता. निवृत्त होईपर्यंत हातात ते चाक असावं, एवढंच त्यांचं देवाकडे मागणं होतं.

एके सकाळी गाडीने ताशी साठ किलोमीटरचा वेग गाठला आणि स्टिअरिंग थरथरू लागलं. चहा साहेबांच्या शर्टावर आला आणि सही कागद सोडून सीटवर गेली.

मिस्त्री गाडीखाली शिरला, तो बाहेर येईपर्यंत बोलतच होता. "मामा, टाय-रॉडची टोकं झिजलीत, बुशच्या रबराचा भुगा झालाय आणि पुढचं चाक धरून ठेवणारा बॉल जॉइंट म्हाताऱ्याच्या दातासारखा हलतोय. एवढं बदला, चाक समाधी लावून बसेल. माझ्यासारखा मिस्त्री पुन्हा जन्मणार नाही, म्हणून आत्ताच सांगतो."

मामा सुट्या भागांच्या विभागात गेले. तिथल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"भाग तुटलेत का?"

"झिजलेत, बाई."

"झीज म्हणजे सेवा, मामा. सेवा केली म्हणून कुणाला काढून टाकायचं का? तुटल्यावर या."

"तुटल्यावर आम्ही खड्ड्यात असू."

"मग खड्ड्यातून अर्ज करा. अपघातग्रस्तांना आमच्याकडे रांग नसते."

भाग बदलता येत नव्हते. पण तक्रार आली होती, आणि आलेल्या तक्रारीचं निवारण करणं बंधनकारक होतं. समिती बसली. समितीने शास्त्रशुद्ध विचार केला. थरथर जाणवते कुठे? हातांत. म्हणजे तपासायला हवेत ते हात.

डॉक्टर बोलावले. मामांनी काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला हातावर तोलून दाखवला. थेंब सांडला नाही.

"उत्तम," समितीचे अध्यक्ष म्हणाले, "पण हे हात कामाला कुठे असतात? गाडीत. तेव्हा चाचणी गाडीतच व्हायला हवी."

गाडीत मामांचे हात थरथरले. डॉक्टरांची नळी थरथरली. खुद्द अध्यक्षांचा जबडा टकटक वाजला. अहवालात फक्त हातांची नोंद झाली. जबड्याबद्दल कुणाची तक्रार आलेली नव्हती.

मामांना टपालाच्या टेबलावर तिकिटं चिकटवायला बसवण्यात आलं.

"बरं झालं बाई," मामी म्हणाल्या. "घरात इतकी वर्षं जीभ चालवली नाहीत, आता तिकिटांवर तरी चालवा."

पण जेवताना त्यांनी पाहिलं, मामा ताट दोन्ही हातांनी धरून हळूच डावीकडे वळवत होते. मामींनी ताट सरळ केलं आणि त्यावर थोडं जास्त तूप वाढलं.

इकडे चाक साहेबांच्या मेहुण्याच्या हाती गेलं. थरथर वाढली. साहेबांच्या सह्या भूकंपाच्या आलेखासारख्या उमटू लागल्या आणि वरच्या कार्यालयातून कागद परत येऊ लागले: सही नमुन्याशी जुळत नाही. शहरातले दिवे एकेक करून मालवले. साहेब मात्र कार्यतत्पर होते. त्यांनी ताबडतोब नमुना बदलला. गाडी साठीवर नेऊन त्यांनी नवी नमुना सही केली आणि वर पाठवली. कागद पुन्हा पास होऊ लागले, दिवे लागले. थरथर आता दोष राहिली नाही; ती अधिकृत झाली.

अशात एके दुपारी मेहुणा कार्यालयाच्या फाटकातून आत येत असताना बॉल जॉइंट तुटला. पुढचं चाक बाहेरच्या बाजूला लोळलं आणि गाडीने फाटकाला मिठी मारली. वेग नव्हता म्हणून कुणाला खरचटलंही नाही, देवाची कृपा. सुट्या भागांच्या बाई धावत आल्या आणि मनापासून म्हणाल्या, "अभिनंदन! तुटला!"

मिस्त्रीने त्या एका तुटलेल्या भागाबरोबर झिजलेलं सगळंच बदललं. चाकांचा तोल साधला. गाडी अशी झाली की तिला चालू आहे हे सांगावं लागे. मेहुणा फाटकाच्या धसक्याने अंथरुणाला खिळला होता, म्हणून साहेबांनी मामांना बोलावलं. "मामा, तुम्ही परत या. हुकूम गाडीतच काढतो."

मामांनी चाकाला हात लावला आणि डोळे मिटून क्षणभर नमस्कार केला. गाडी निघाली. कपातल्या चहावर साय धरली. साहेबांनी मामांच्या परतीच्या हुकमावर रेशमासारखी सही केली.

हुकूम परत आला. सही नमुन्याशी जुळत नव्हती. साहेबांनी पुन्हा केली, पुन्हा परत. मग घरून उशी आणून मांडीवर ठेवली आणि मांडी हलवत केली. वरून शेरा आला: थरथर कृत्रिम वाटते.

"मामा," साहेब शेवटी अजिजीने म्हणाले, "जरा हलवा की चाक. दोनच मिनिटं. तुमच्याच नोकरीचा कागद आहे."

"चाक ठीक आहे, साहेब."

"ते ठीक आहे हीच तर अडचण आहे! इकडे-तिकडे थोडं हलवा. कोण बघतंय?"

मामांनी गाडी कडेला घेतली. समोर मोकळा रस्ता होता. हातात तेच चाक होतं, ज्याच्यासाठी त्यांनी रोज हात जोडले होते.

"साहेब," ते म्हणाले, "चाक खोटं हलवायचं, तर ते हातात कशाला हवं?"

साहेब संतापले. कान लाल झाले, मिशी फुरफुरली, हात लटलट कापू लागला. त्यांनी तिथेच दुसरा कागद ओढला आणि मामांना कायमचं टपालाच्या टेबलावर पाठवल्याचा हुकूम खरडला. खाली सही केली. गाडी उभी, चाक शांत. हात तेवढा कापत होता.

तो हुकूम तत्काळ मंजूर झाला. सही नमुन्याशी तंतोतंत जुळली, असं वरच्यांनी खास कळवलं.

आज ती गाडी ठणठणीत आहे. मेहुणा बरा झाला असून स्टिअरिंग दिवसभर स्वतःच्या हातांनी हलवतो. त्यासाठी त्याला उत्कृष्ट चालक म्हणून गौरवलंही आहे.

हसलात ना? हसा, देव तुम्हाला असंच हसत ठेवो. आता घरी जाताना साठीच्या वेगाला तुमच्याही गाडीचं चाक थरथरेल. तुम्ही ते आणखी घट्ट धराल, 'चालतंय तोवर चालू दे' म्हणाल आणि खडखड ऐकू येऊ नये म्हणून आत लावलेल्या भजनाचा आवाज वाढवाल. मीही वाढवतो. पण एवढं एक करा. कधी एखाद्या पाकिटावर सूतभरही न कललेलं, सरळ चिकटवलेलं तिकीट दिसलं, तर आमच्या मामांची आठवण काढा.