श्रेणी तीनचं खलाशीघर

गरिबी पुरेशी जुनी झाली की तिला वारसा म्हणतात. मात्र तोवर गरिबांना थोडी कळ काढावी लागते. गोदूबाईंच्या सासरच्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या काढली, म्हणूनच कोलशेतच्या खाडीवरचं त्यांचं घर वारसा यादीच्या श्रेणी तीनमध्ये दाखल होऊ शकलं. (श्रेणी एकमध्ये किल्ले येतात. श्रेणी दोनमध्ये ज्यांच्या मालकांना वकील परवडतो अशा वास्तू.)

घराचा इतिहास थोडक्यात असा. खाडीत गलबतं येत होती त्या काळी एका व्यापाऱ्याने बंदराला लागून मिठाचं कोठार बांधलं आणि खलाशांनी फार लांब जाऊ नये म्हणून त्यांच्यासाठी दोन-दोन खोल्या काढल्या. कोठार दगडाचं होतं, कारण मिठाला ओल लागून चालत नाही. खलाशांना चालते, म्हणून खोल्या कुडाच्या आणि मातीच्या. पुढे पूल झाले, ट्रक आले, गलबतं बंद पडली. व्यापाऱ्याची जमीन सरकारजमा झाली, कोठाराचे दगड लोकांनी नेले, खोल्या एकेक करून पडल्या. शिल्लक राहिली ती दोन खोल्यांची एक जोडी, गोदूबाईंच्या सासऱ्यांची, भिवा खलाशाची. ती का राहिली, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणी याला मातीच्या बांधकामाचं श्रेय देतात, कोणी कोकणी कारागिरीचं. गोदूबाईंच्या मते ती पडूच दिली नाही म्हणून राहिली. दर मे महिन्यात त्या स्वतः भिंती लिंपत आणि कौलांवर निळी ताडपत्री ओढत. हे मत अहवालात घेतलेलं नाही.

घराचा शोध समोरच्या टॉवरमधल्या हेमांगीताईंनी लावला. त्यांच्या बाविसाव्या मजल्यावरच्या बाल्कनीतून खाडी दिसते आणि खाडीच्या अलीकडे हे घर. सुरुवातीला त्यांनी सोसायटीतर्फे ते झोपडं हटवण्यासाठी अर्ज केले. मग त्या वारसाविषयक एका व्याख्यानाला गेल्या, आणि परत आल्या तेव्हा त्याच बाल्कनीतून त्यांना तेच घर अमूल्य दिसलं. वारसा घराच्या आसपास उंच इमारत उभी राहू शकत नाही आणि मागची खाडी कायम दिसत राहते, हा यातला आनुषंगिक लाभ. त्याचा ताईंच्या इतिहासप्रेमाशी संबंध जोडणं कोतेपणाचं ठरेल.

"आजी, तुम्ही कशात राहताय याची तुम्हाला कल्पना नाहीये," त्या पहिल्या भेटीत म्हणाल्या.

"हाय ना," गोदूबाई मासळीची पाटी धूत म्हणाल्या. "गलतं त्याच्यात."

यथावकाश फलक लागला. तो ठोकताना भिंतीला जी चीर गेली, तीही आता वारशाचा भाग आहे. समारंभात गोदूबाईंना शाल आणि नारळ देण्यात आला. भाषणांतून त्यांना कळलं की आपलं आयुष्य साधं, पर्यावरणपूरक आणि आजच्या पिढीने हेवा करावा असं गेलं. त्यांना बरं वाटलं. इतकी वर्षं त्यांचा वेगळाच समज होता.

फलकासोबत नियमावली आली. ताडपत्री काळाशी विसंगत म्हणून काढावी. गळती मूळची की नंतरची, याचा अभ्यास होईपर्यंत कौलांना हात लावू नये. पंखा चालेल, बाहेरून दिसू नये. वाळत घातलेले कपडे शक्यतो सुती असावेत. शिवाय परिसराला शोभत नाही म्हणून घरामागचं सार्वजनिक शौचालय पाडण्यात आलं. (त्या जागी बाक आहे. बाकावरून खाडी दिसते.)

गोदूबाईंच्या सुनेला, रुचिताला, तेव्हा दिवस गेले होते. घराच्या मागे एक संडास बांधावा, एवढंच मागणं घेऊन मुलगा संदेश वारसा समितीच्या कार्यालयात गेला. तो माजिवड्याच्या एका मॉलमध्ये सरकत्या जिन्यांची देखभाल करतो, त्यामुळे मोठ्या माणसांना वर नेऊन पोचवण्याची त्याला सवय होती. समितीचे वास्तुतज्ज्ञ यज्ञेश सर यांनी त्याला प्रेमाने बसवलं.

"मूळ घरात शौचालय होतं का?"

"नव्हतं सर. मागे खाडी होती, तिवरांची झाडी होती."

"बरोबर. म्हणजे खाडी हाच वास्तूचा अविभाज्य भाग."

"सर, तिथे आता जॉगिंग ट्रॅक आहे."

"ते वेगळं खातं आहे," सर म्हणाले.

"माझी बायको प्रेग्नंट आहे सर."

"अरे वा, अभिनंदन. म्हणजे पुढची पिढीही याच घरात." सरांनी ते टिपून घेतलं. "हे फलकावर टाकायला हवं."

फलकावर ते आलं. संडास आला नाही. रुचिता सकाळ-संध्याकाळ रिक्षाने नणंदेकडे बाळकुमला जाऊन येऊ लागली, आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला पोटावर हात धरू लागली. मग एका रविवारी संदेशने स्वतःच विटा आणून मागे आडोसा उभा केला. त्याला पत्र्याचं दार लावलं. सोमवारी समितीची माणसं आली आणि त्यांनी तो उतरवला. हेमांगीताई स्वतः हजर होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते खरे भरले होते.

"संदेश, तुझ्या आजोबांचं घर आहे रे हे. तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना मॅडम," संदेश म्हणाला. "रोज सकाळी वाटतं."

त्याच आठवड्यात रुचिताने बॅग भरली. माहेर डोंबिवलीला, तिथे निदान दाराला कडी होती.

"आई, मी तुमच्यावर रागावून नाही चाललेय," ती म्हणाली. "पण बाळाला घेऊन मी इकडे येणार नाही."

गोदूबाईंनी तिच्या पिशवीत सुके बोंबील बांधून दिले. "जा तू. मी लगीन करून आले तवा तिवरांचा आडोसा तरी होता. आता तोपन नाय." मग जरा थांबून म्हणाल्या, "मना बोलव मात्र."

संदेशने डोंबिवलीलाच भाड्याने खोली घेतली. गोदूबाई मागे एकट्या राहिल्या. कुणी विचारलं तर म्हणत, मासळीचं गिऱ्हाईक इकडचं आहे. खरं म्हणजे आपण गेलो तर भिंतींकडे कोण बघणार, हे त्यांच्या मनात होतं. पण भिंतीही आता समितीच्या होत्या आणि लिंपायला मनाई होती. ओल वर चढताना त्या बसून पाहत. स्वतःच्या घराला हात लावायचा नाही, ही गोष्ट त्यांच्या हातांना काही केल्या पटत नव्हती.

भाद्रपदात मागची खोली कौलांसकट खाली बसली. गोदूबाई पुढे मासे साफ करत होत्या, म्हणून वाचल्या. समिती त्याच दिवशी धावून आली. कौलं एकेक करून मोजली, पुसली, कापडात गुंडाळली. गोदूबाईंना तात्पुरतं इतरत्र राहण्यास सांगण्यात आलं.

डागडुजी पूर्ण झाल्यावर त्या परत येणार, तोच नवा पेच निघाला. घराचा मूळ वापर खलाशांचं निवासस्थान असा होता. गोदूबाई मासळी विकतात. म्हणजे त्यांचं तिथे राहणं हा वापरातला बदल ठरत होता, आणि वारसा वास्तूत वापरबदल चालत नाही. भिवा खलाशी स्वतः आले असते तर समितीची काहीच हरकत नव्हती. ते येऊ शकत नसल्याने त्यांचा फायबरचा पुतळा बसवण्यात आला.

पुतळे तीन आहेत. खलाशी, त्याची बायको आणि एक कुत्रा. त्यांचा रंग ओलीने उडतो, असं तज्ज्ञांनी बजावल्यामुळे कौलांखाली न गळणारं अस्तर घातलं, भिंती आतून पक्क्या केल्या आणि हवेतली ओल शोषणारं यंत्र बसवलं. प्रेक्षकांसाठी मागे टाइल्स लावलेली शौचालयं झाली, बायकांचं वेगळं. ती मूळ वास्तूचा भाग नसल्याने त्यांना नियम लागू होत नाहीत. भेट देणाऱ्या शंभरांपैकी नव्व्याण्णव जण 'खूप छान' असा शेरा देतात. उरलेला एक वायफायबद्दल विचारतो.

रुचिताला मुलगी झाली. ती बसायला लागल्यावर गोदूबाई तिला घेऊन डोंबिवलीहून आल्या, तिच्या पणजोबांचं घर दाखवायला. दारावर हेमांगीताईंनी त्यांना ओळखलं, तिकीट घेऊ दिलं नाही, हात धरून आत नेलं. चुलीपाशी काष्टा नेसलेली एक बाई वाकून बसली होती.

"ही कोन?"

"प्रातिनिधिक आहे आजी. त्या काळची कष्टकरी स्त्री."

गोदूबाईंनी तिच्यामागच्या भिंतीला तळवा लावून पाहिला. कोरडी. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "बेस केलंत," त्या म्हणाल्या, आणि त्यात टोमणा नव्हता. त्यांना त्या बाईचा हेवा वाटला, मग फायबरच्या बाईचा हेवा वाटल्याची लाज वाटली. गुडघे दुखत होते, म्हणून त्या बाहेर येऊन ओट्यावर टेकल्या. पोरीला मांडीवर घेतलं आणि खाडीच्या बाजूला बोट करून काही सांगू लागल्या.

त्या रविवारी तुम्हीही तिथे होतात. ऊन छान तिरपं पडलं होतं आणि तुम्हाला दाराचा फोटो हवा होता. ओट्यावर एक म्हातारी बसली होती, तिची प्लास्टिकची पिशवी मध्ये येत होती. तुम्ही ओरडला नाहीत, अगदी अदबीने म्हणालात, "आजी, जरा बाजूला होता का?"

त्या झाल्या. फोटो खरंच छान आलाय.