जावईबापू पुढे

सकाळचे सव्वासहा झाले होते आणि इरावती बूट घालून दारात पाऊण तास उभी होती. आत शिवाजीरावांचा दुसरा चहा चालला होता. शिवाजीराव म्हणजे तिच्या आत्याचे यजमान, तिचे मामासाहेब, देवासचे, घराण्याचे एकुलते एक जावई. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तरी धारच्या या घरात ते आले की त्यांच्या आधी कुणी जेवायचं नाही, त्यांच्या आधी कुणी उंबरा ओलांडायचा नाही, असा तात्यासाहेबांचा, म्हणजे इरावतीच्या आजोबांचा कायदा होता.

"भाऊ, आपण दोघंच जाऊ ना," ती वडिलांच्या कानात म्हणाली.

"जावयाला घरी टाकून? तात्यासाहेब मलाच बाहेर काढतील. चलने दे ना बेटा, चौघं जाऊ."

झालं. शाळेच्या पक्षिगणनेत इरावतीला तळ्याची पलीकडची बाजू मिळाली होती. तिथे सारसांची जोडी असते. यंदा त्यांना पिल्लू आहे की नाही, हे बघायचं आणि अकराच्या आत फॉर्मचा फोटो मॅडमना पाठवायचा. सगळ्या शाळेसमोर तिनं स्वतःहून हात वर केला होता, आणि मागून अर्पित म्हणाला होता, "ये बगुले गिन के आ जाएगी, देख लेना." पंधरा दिवस ती अर्पितवर चिडून होती. आज अर्पित तिला बरा वाटायला लागला.

राखीव तळं सरदारपूरच्या वाटेवर होतं. पलीकडे जायचं तर आधी होडी, मग बंधाऱ्यावरून सायकल, मग पायी. होडीच्या टोकावर एक फळी होती, पक्षी मोजणाऱ्यानं बसायची. इरावती तिथे पाय टाकणार, इतक्यात तात्यासाहेबांची काठी आडवी आली.

"जावईबापू पुढे."

"अहो, मी मागे बसतो की," शिवाजीराव म्हणाले.

"भलतंच काय."

शिवाजीराव पुढे बसले. वजन त्र्याण्णव किलो. होडीनं नाक पाण्यात घातलं.

"बाबूजी, नाव आगे से डूबी री हे," नावाडी रघुजी म्हणाला. "इन भिया के पाछे बिठाओ."

"जावयाला मागे? तुम्हारे यहाँ ऐसा करते होंगे."

"म्हारे यहाँ तो जमई ज नाव चलावे, बाबूजी."

तात्यासाहेबांनी ते ऐकलंच नाही. उरलेले तिघं तोल सांभाळायला शेपटाशी दाटीवाटीनं बसले आणि होडी निघाली. इरावतीला पुढचं तळं दिसत नव्हतं. तिला मामासाहेबांचा चौकड्यांचा स्वेटर दिसत होता. दुर्बीणही मानानं त्यांच्याच गळ्यात गेली होती.

"इरा, तू घे गं ही," ते दोनदा म्हणाले.

"आधी जावईबापूंचं होऊ द्या," तात्यासाहेब दोन्ही वेळा म्हणाले.

पाण्यावर काहीतरी फडफडलं, शंभरेक पंखांचा आवाज आला. "काय होतं मामासाहेब? बदकं? कुठली?"

"काळी होती बहुतेक. छान होती."

इरावतीनं फॉर्मवर 'काळी, छान' लिहिलं नाही. पेन्सिलीचं टोक मात्र मोडलं.

पलीकडच्या काठावर वनखात्याच्या तीन सायकली उभ्या होत्या आणि माणसं चार. एकीवर तात्यासाहेब टांग मारून बसले, दुसरीवर भाऊ. सासरी जावयानं पॅडल मारायचं म्हणजे घराण्याची शोभा, तेव्हा शिवाजीराव तिसरीच्या कॅरिअरवर आणि पॅडल मारायला इरावती. वजन त्रेचाळीस किलो.

"अगं, मी चालवतो ना. मला आवडतं," शिवाजीराव मागून कुजबुजले.

"मग तसं सांगा की त्यांना."

"एकोणीस वर्षं सांगतोय बाई."

पुढचं चाक दर दहा हातांवर जमीन सोडत होतं. बंधारा संपायच्या आत मागची ट्यूब फुटली. सव्वादहा झाले. तिथून पायी, अर्थात शिवाजीराव पुढे. वाट जिथे फुटत होती तिथे 'सारस' अशी पाटी होती, बाण उजवीकडे. दुर्बिणीची दोरी सोडवण्याच्या नादात शिवाजीराव डावीकडे गेले. भाऊंनी पाटी पाहिली, तात्यासाहेबांनी पाहिली. दोघंही डावीकडे वळले.

"भाऊ, बाण उजवीकडे आहे."

"जावयाला चुकलात म्हणायचं का आता? चुप रह ना."

चाळीस पावलांवर शिवाजीराव गुडघाभर चिखलात गेले आणि तिथेच थांबले.

"जावईबापू थांबले म्हणजे जागा बघण्यासारखी असेल," तात्यासाहेब म्हणाले.

इरावतीच्या डोक्यात जे काय सकाळपासून उकळत होतं, ते बाहेर आलं.

"ते थांबले नाहीत, ते फसलेत. मी पाऊण तास दारात उभी होते, होडीत स्वेटर बघत होते, त्र्याण्णव किलो ओढले, आणि सारस तिकडे आहेत, उजवीकडे, पाटीवर लिहिलंय. तुम्हाला जावई एवढे आवडतात तर देव्हाऱ्यात बसवा. आणि मामासाहेब, तुम्हाला नको असतं तर नको म्हणून बसून राहता येत नाही का? मला आज एकच गोष्ट बघायचीय, आणि ती मला तुमच्या पाठीतून दिसत नाही."

मग तात्यासाहेब हळू म्हणाले, "पाया पड त्यांच्या."

"पाय चिखलात आहेत, तात्यासाहेब," शिवाजीराव म्हणाले. "आधी मला सांगा, जावयाची इच्छा या घरात मोडत नाहीत ना?"

"आजवर मोडली नाही."

"मग माझी इच्छा आहे, इरानं पुढे जावं. तुम्ही दोघं तिच्या मागे. दुर्बीण तिला. मी सगळ्यात मागे, इथेच. बूट सापडेपर्यंत मला कुणी मदत करायची नाही."

तात्यासाहेबांनी बाजूला होऊन नातीला वाट दिली. कायदा त्यांचाच होता.

इरावती जवळजवळ पळत उजवीकडे गेली. पाणगवताच्या कडेला सारस उभे होते, तांबड्या मानांचे, तिच्याएवढे उंच. एक, दोन. तिनं दुर्बिणीतून गवताची काडी न् काडी पाहिली. पिल्लू नव्हतं. दहा बेचाळीस, दहा अठ्ठेचाळीस. सारस पुन्हा पुन्हा तिच्या पाठीमागे बघून ओरडत होते. तिनं दुसरी पेन्सिल काढली आणि शून्य लिहायला घेतलं.

"इरा," पाठीमागे डावीकडून अगदी हलका आवाज आला. "तुझ्या पुढे दोन आहेत ना? तिसरं इथे माझ्या मागे उभं आहे. तपकिरी डोक्याचं. चिखलातून काढलेल्या माझ्या बुटात चोच घालून बघतंय. मी हलत नाहीये, तू ये."

इरावती रांगत आली. भाऊ रांगत आले. चौऱ्याहत्तर वर्षांचे तात्यासाहेबही रांगत आले. पिल्लू होतं, तिच्या कमरेपेक्षा उंच, पाच हातांवर. दुर्बीण लागलीच नाही.

"बघा," तात्यासाहेब तिच्या कानाशी कुजबुजले, "शेवटी आधी जावईबापूंनाच दिसलं."

इरावतीला इतका राग आला की तिला हसू यायला लागलं, आणि पिल्लू उडू नये म्हणून तिनं तोंडात स्वतःच्या स्वेटरची बाही कोंबली. दहा सत्तावन्नला तिनं फॉर्म भरला. मोठे दोन, पिल्लू एक. निरीक्षकाच्या रकान्यात आधी स्वतःचं नाव लिहिलं, आणि त्याच्या खाली, कुणी न सांगता, शिवाजीरावांचं.

"वर लिहायचं ते," तात्यासाहेब म्हणाले.

"राहू द्या," शिवाजीराव चिखलातून म्हणाले. "इथून छान दिसतं."

तिनं फोटो पाठवून दिला.