एका जागेला तीन माणसं

रॉय हॅल्वरसनच्या घरात बहुतेक वस्तू दोन होत्या. बर्फ उपसायची फावडी दोन, डबे फोडायची यंत्रं दोन आणि टॉर्च तीन, कारण टॉर्चवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. बायको मात्र एकच होती. "माझ्यामागे कोणी राखीव ठेवली असशील तर आधीच सांग," मार्लिस म्हणायची, "निदान भांडी तरी वाटून घेऊ."

असा माणूस अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या फॉगहॉर्न्स, म्हणजे धुक्यातले भोंगे, या व्यावसायिक बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक झाल्यावर त्याच्याकडे पॉइंट गार्ड तीन असणार, यात नवल नव्हतं. पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू पुढे आणणारा आणि बाकीच्या चौघांना कुठे पळायचं ते सांगणारा गडी. मैदानात तो एका वेळी एकच लागतो. पण तो नसला की उरलेले चौघे लग्नघरातल्या पाहुण्यांसारखे एकमेकांच्या पायात येतात, असं रॉयचं ठाम मत होतं.

संघाचा मालक गस पेल्कोनेन याला हे मत अजिबात पटत नसे. गसचा सॉसेजचा कारखाना होता आणि तो रॉयच्या शाळेतला, एका बाकावरचा. त्यामुळे तो बोलताना भीडभाड ठेवत नसे. हंगामातल्या शेवटच्या सामन्याच्या दिवशी तो सकाळीच सरावाला येऊन उभा राहिला. त्या रात्री जिंकले तर फॉगहॉर्न्स बाद फेरीत जाणार होते, हरले तर घरी.

"एका जागेला तीन माणसं कशाला रे?" गस म्हणाला. "माझ्याकडे खिम्याच्या यंत्रावर एक माणूस असतो. तीन ठेवले तर ते गप्पा मारत बसतील."

"खिम्याच्या यंत्राचा पाय मुरगळत नाही, गस."

"पहिला टॉलिव्हर. झकास आहे. दुसरा तो नवा पोरगा, बॅस्कम. तोही ठीक. तिसरा कर्टिस काय करतो?"

"वाट बघतो."

"मग घरी बसून बघू दे. फार्गोचा एक सात फुटी गडी मिळतोय. लोक तिकीट काढून उंच माणूस बघायला येतात, वाट बघणारा नाही. बाद फेरीची नावं संध्याकाळपर्यंत पाठवायची आहेत. त्यातून कर्टिसला गाळ."

कर्टिस व्हिटकॉम्ब अडतीस वर्षांचा होता. उभी कारकीर्द लहानसहान गावांच्या संघांतून खेळला, पण बाद फेरीचं तोंड त्यानं कधी पाहिलं नव्हतं. शरद ऋतूत संघात घेताना रॉयनं त्याला शब्द दिला होता, की हंगाम संपेपर्यंत तू माझ्याकडे आहेस. आता हंगाम संपायला एक सामना उरला असताना तो शब्द गिळायचा होता. रॉयला ते जमेना. म्हणून अप्रिय कामाच्या बाबतीत तो नेहमी जे करी तेच त्यानं केलं. "दुपारी बघतो," असं म्हणून तो तिथून सटकला.

बाहेर वेगळंच नाट्य चाललं होतं. संघातल्या नवख्या खेळाडूनं सरावाला सगळ्यांसाठी डोनट आणायचे, हा तिथला रिवाज. तो विसरला तर त्याची गाडी पॉपकॉर्ननं, म्हणजे मक्याच्या लाह्यांनी भरायची, हाही रिवाजच. बॅस्कम आज नेमका विसरला होता.

"कोच, लाह्यांच्या यंत्राची किल्ली द्या ना," टॉलिव्हर लाडात येऊन म्हणाला.

"आज सामना आहे रे बाबांनो."

"म्हणून तर. पोरांचं टेन्शन उतरेल. बिचाऱ्या बॅस्कमचं तर फारच उतरेल."

रॉयचं मन आधीच कर्टिसच्या विचारानं बेचैन होतं. संघात कोणीतरी हसू दे, असं वाटून त्यानं किल्ली काढून दिली. तासाभरात बॅस्कमची छोटी निळी गाडी छतापर्यंत भरली, तीही लोण्यात घोळलेल्या लाह्यांनी. शेवटचं पोतं टॉलिव्हरनं स्वतः ओतलं. बॅस्कम येताना दिसताच सगळे पळाले. टॉलिव्हरही पळाला, पण एप्रिलच्या उरल्यासुरल्या बर्फावर लाह्या आणि लाह्यांवर लोणी अशा जागी त्याचा पाय पडला. मैदानात तिघांना चकवणारा तो गडी मोकळ्या वाहनतळावर एकटाच आडवा झाला.

घोटा टम्म फुगला. डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

"हरकत नाही," रॉय म्हणाला. त्याला वाईट वाटलं, आणि आतल्या आत जरासं बरंही वाटलं, कारण अशाच वेळेसाठी त्यानं दुसरा ठेवला होता. "बॅस्कम, आज सुरुवात तू करणार. घरी जा, झोप काढ, वेळेवर ये."

बॅस्कम गळ्यापर्यंत लाह्यांत बसून घरी निघाला. त्याचं घर उचलत्या पुलाच्या पलीकडे होतं, आणि सरोवरातून लोखंडाच्या खनिजाचं जहाज येत असल्यामुळे पूल नेमका वर गेला होता. डुलुथमध्ये अशा वेळी इंजिन बंद करून गप्प बसायचं असतं. बॅस्कम होता टेक्ससचा. आयता वेळ मिळालाय तर थोड्या लाह्या बाहेर टाकू, असा विचार करून त्यानं चारही काचा खाली केल्या.

आधी एक सीगल पक्षी आला. मग बंदरातले सगळे आले.

दुपारी रॉयचा फोन वाजला. "कोच, मी दवाखान्यात आहे," बॅस्कम म्हणाला.

"अपघात झाला?"

"नाही. पक्षी चावले."

"कुठे?"

"पुलावर."

"अरे, अंगाला कुठे?"

"उजव्या हाताला. दोन बोटांना टाके पडलेत. मी त्यांना गाडीतून बाहेर काढत होतो, तर त्यांनीच मला काढलं. गाडी अजून त्यांच्याकडेच आहे."

रॉयनं फोन ठेवला आणि डोळे मिटून घेतले. आता तिसरा. त्यानं नावांची यादी पाठवण्याचं टाळलं होतं, ते किती बरं झालं. तो धावत कर्टिसच्या कपाटापाशी गेला. कपाट रिकामं होतं. आत एक हँगर लटकत होता, तोही संघाचा.

त्यानं गसला फोन लावला. "कर्टिस कुठेय?"

"गेला. तू सांगायला लाजणार हे मला शाळेपासून माहीत आहे. म्हणून जाता जाता मीच सांगितलं. सॉसेजची पेटीही दिली, मोठी. चांगला माणूस आहे रे, थँक्यू म्हणाला."

"गस, टॉलिव्हरचा पाय गेला. बॅस्कमची बोटं गेली."

पलीकडे गसनं खिम्याचं यंत्र बंद करायला सांगितलं. "मग आता चेंडू कोण आणणार?" त्यानं विचारलं.

"तुझा तो सात फुटी?"

"तो उद्या पोचतोय. आणि त्याला चेंडू हातात दिलेला आवडतो, असं त्याचा एजंट म्हणाला."

कर्टिस फोन उचलेना. रॉयनं त्याच्या भाड्याच्या खोलीची बेल वाजवली, बसस्थानक पालथं घातलं, महामार्गावरच्या पेट्रोलपंपावर जाऊन चौकशी केली. सामना तोंडावर आला तेव्हा तो हात हलवत घरी परतला, निदान संघाचा कोट तरी अंगावर चढवावा म्हणून.

स्वयंपाकघरातून खिमा आणि बटाट्याच्या हॉटडिशचा वास येत होता. टेबलाशी कर्टिस बसला होता. पुढ्यात रिकामी ताटली होती आणि मार्लिस त्याला तिसऱ्यांदा वाढत होती.

"हा निरोप घ्यायला आला होता," मार्लिस म्हणाली. "सॉसेजची पेटी घेऊन दारात उभा. म्हणाला, कोचना सांगा, माझा राग नाही. मी म्हटलं, या घरातून आजवर कुठली जास्तीची वस्तू बाहेर गेलेली नाही. बस, जेव."

"फोन का नाही उचललास रे?" रॉयनं दारातूनच विचारलं.

"मॅडम म्हणाल्या, जेवताना फोन नाही," कर्टिस म्हणाला.

रॉय खुर्चीत बसला. "कर्टिस, मी तुला शब्द दिला होता आणि तोंडावर सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. चुकलंच माझं. यादी मी पाठवली नव्हती, आता तुझ्या नावासकट पाठवतो. आज खेळशील?"

कर्टिसनं हॉटडिशकडे पाहिलं, मग पोटाकडे. "खेळीन. पण पहिली दहा मिनिटं मला कोणी पळवू नका."

आणि तो खरोखरच पळाला नाही. चेंडू घेऊन तो बाजारात पिशवी घेऊन निघाल्यासारखा सावकाश पुढे यायचा. समोरचा चपळ पोरगा त्याच्याभोवती भिरभिरून दमायचा आणि तोवर कर्टिस चौघांना जागा दाखवायचा, "तू कोपऱ्यात. तू आत. तू काही करू नकोस, नुसता उभा रहा." हंगामभर बाकावर बसून त्यानं ज्याचं त्याचं खेळणं पाठ केलं होतं. उभं राहायला सांगितलेला गडीही त्या रात्री गुण मिळवू लागला.

गस रॉयच्या मागच्या रांगेत बसला होता. टॉलिव्हर बर्फाच्या बादलीत पाय सोडून आणि बॅस्कम हाताचं गाठोडं करून बाकावर होते. कर्टिस जरा ठेचकाळला की गसच्या घशातून चमत्कारिक आवाज निघे.

"हा पडला तर मागे कोण आहे रे?" शेवटी न राहवून त्यानं विचारलं.

"तू," रॉय म्हणाला.

त्यानंतर गसनं उरलेला सामना उभ्यानं पाहिला. अखेरच्या क्षणांत संघ एका गुणानं मागे होता. कर्टिस स्वतःच टोपलीत चेंडू टाकणार असं साऱ्यांना वाटलं, समोरच्या तिघांनाही वाटलं. ते त्याच्या अंगावर धावले आणि त्यानं चेंडू हळूच, न बघता, ज्याला नुसतं उभं राहायला सांगितलं होतं त्याच्या हातात ठेवला. त्यानं तो टोपलीत टाकला. भोंगा वाजला, गावभर वाजत राहिला. कर्टिस मैदानाच्या मधोमध फतकल मारून बसला आणि लहान मुलासारखा हसायला लागला. रॉयनं डोळे पुसले, आणि ते कोणी पाहू नये म्हणून नाकही पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रॉय आणि मार्लिस कॉफी घेत असताना गस आला. त्याचे डोळे लाल होते.

"रात्रभर डोळ्याला डोळा नाही," तो म्हणाला. "रॉय, तुझंच खरं. कारखान्यात आजपासून प्रत्येक यंत्रामागे एक राखीव माणूस ठेवलाय. फार्गोच्या उंटाला नको म्हणून कळवलं. कर्टिस कायम राहील."

"शहाणा झालास."

"मग संपूर्ण संघाचा विचार केला. कुठे कुठे आपल्याकडे एकच माणूस आहे? खेळाडू दुहेरी, डॉक्टर दोन, लाह्यांची यंत्रंही दोन आहेत. एकच जागा सापडली."

"कुठली?" रॉयनं कौतुकानं विचारलं.

"तुझी. उद्या तू त्या लाह्यांवरून घसरलास तर? म्हणून कर्टिसला राखीव प्रशिक्षकही नेमलं. खेळेलही आणि तुझ्या शेजारी बसून शिकेलही. काल त्यानं चौघांना कसं हलवलं, बघितलंस ना?"

रॉयचा कप तोंडापाशी थांबला. कर्टिसवर त्याचा जीव होता, काल रात्री तर फारच होता. पण आता त्यानं आपली खुर्ची टेबलाशी घट्ट ओढून घेतली.

"एका जागेला दोन माणसं कशाला रे?" तो म्हणाला. "गप्पा मारत बसतील."

मार्लिसला इतकं हसू आलं, की तिला कप खाली ठेवावा लागला. तेवढ्यात दारावर टकटक झाली. कर्टिस उभा होता, हातात गुलाबी खोकं.

"प्रशिक्षकांत मी सगळ्यात नवा," तो म्हणाला. "म्हटलं, डोनट विसरायला नकोत. माझी गाडी बाहेरच उभी आहे."

रॉयनं त्याच्याकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं. मग खुर्ची सरकवून त्याला शेजारी जागा केली आणि एक डोनट उचलला. जरा विचार करून, राखीव म्हणून, आणखी एक उचलला.